शिक्षकांची घडण आणि शिक्षणाचीं साधनें

कोणतेंही नवें यंत्र शाळेच्या दाराशीं आलें म्हणजे दोन प्रकारचे लोक बोलूं लागतात. एक म्हणतात कीं, या यंत्रानें आतां शिक्षणाचा कायापालट होईल. दुसरे म्हणतात कीं, हें यंत्र नव्हतें तेव्हां काय विद्वान् निपजले नाहींत? या दोन्ही पक्षांचीं भाषणें ऐकून शिक्षकाला मात्र फारसा लाभ होत नाहीं. ज्याच्या हातांत तें यंत्र द्यावयाचें, त्यास तें वापरण्यास कोणीं, केव्हां आणि कसें शिकविलें, हा प्रश्न उभय पक्षांपैकीं क्वचितच कोणी विचारतो. सांप्रत शिक्षक तयार करणाऱ्या अभ्यासक्रमांत, म्हणजे आपल्याकडील बी. एड्., डी. एल्. एड्. वगैरे पाठ्यक्रमांत, संगणकादि साधनांचा अंतर्भाव कसा करावा यासंबंधीं पुष्कळ ऊहापोह चालू आहे. आमच्या मतें हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. तो निदान दोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या देशाचा, विशेषतः जुन्या मुंबई इलाख्याचा, भाग बराच मोठा आहे. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडून त्यांतून आजच्या प्रश्नास कांहीं उत्तर मिळतें कीं काय, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'शैक्षणिक तंत्र' हे शब्द उच्चारले कीं विजेवर चालणाऱ्या वस्तूच डोळ्यांपुढें येतात. परंतु अक्षर गिरविण्यासाठीं मुलाच्या पुढें ठेवलेली धूळपाटी हें एके काळचें तंत्रच होतें. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें तींत अक्षर काढावें, चुकलें कीं हात फिरवून पुन्हां आरंभ करावा, अशी ती व्यवस्था. तिला खर्च जवळजवळ नाहीं, आणि चूक झाली तरी तिचा मागमूस उरत नाहीं. आमच्या पंतोजींच्या शाळेंत मुळाक्षरें, बाराखडी, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची घोकणी आणि धुळाक्षरें हीं बरोबरच चालत. इ. स. १६२३ मध्यें पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा इटालियन प्रवासी कर्नाटकांत इक्केरीकडे जात असतां एका देवळाच्या ओसरींत कांहीं मुलें सुरावर म्हणत व वाळूंत आंकडे काढीत हिशेब शिकत असलेलीं त्यानें पाहिलीं. गुरुजी जवळ नसतांही तीं एकमेकांच्या चुका सुधारीत होतीं, याचें त्यास मोठें नवल वाटलें व तें त्यानें आपल्या पत्रांत नमूद करून ठेविलें.

याच धुळींतून पुढें युरोपांतील एक मोठी शिक्षणपद्धति निघाली. मद्रासेस एग्मोर येथें लष्करांतील गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठीं एक आश्रम होता, व त्याची देखरेख १७८९ सालीं डॉ. अँड्रू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. तेथल्या एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढीत असलेलीं पाहून बेल यांनीं तीच रीत आपल्या आश्रमांत चालू करण्याचें मनांत आणिलें. परंतु तेथील पगारी मास्तरांस ती पटली नाहीं. त्यांनीं ती वापरण्याचें टाळलें. तेव्हां बेल यांनीं त्यांची समजूत घालीत न बसतां जॉन फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरांचा वर्ग सोपविला, आणि तो मास्तरांपेक्षां बरा चालला! मुलांनींच मुलांस शिकवावें या पद्धतीची हकीकत बेल यांनीं १७९७ सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध केली, व ती पुढें 'मद्रास पद्धति' या नांवानें गाजली. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नव्या साधनाच्या या पहिल्याच प्रसिद्ध प्रयोगांत साधन यशस्वी झालें. पण तें शिक्षकास शिकवून नव्हे, तर शिक्षकास वगळून. पुढच्या दोनशें वर्षांत साधनांच्या कैवाऱ्यांस जो मोह वारंवार पडला त्याचें बीज येथें आहे.

लंडनांत जोसेफ लँकॅस्टर यांनीं अशाच पद्धतीची शाळा १७९८ च्या सुमारास काढली. एका मोठ्या दालनांत शेंकडों मुलें, भिंतीवर मोठ्या अक्षरांचे तक्ते, प्रत्येक रांगेस एक वरचा विद्यार्थी, आणि या सर्वांवर एकच मास्तर, अशी तिची रचना होती. पुस्तक फाडून त्याचें एकेक पान पुठ्ठ्यावर लाविलें कीं एका पुस्तकांत सबंध शाळा वाचूं शके. कागदाऐवजीं पाटी दिली कीं लेखनाचा खर्चही वांचे. या सर्व योजनेचें मुख्य आकर्षण तिची स्वस्ताई हें होतें. लँकॅस्टर यांच्या बरो रोडवरील शाळेंत शिक्षक होऊं इच्छिणारे लोक येऊन ही पद्धति शिकून जात, म्हणून इंग्लंडांतील शिक्षक-शिक्षणाच्या आरंभींच्या संस्थांत तिची गणना होते. मात्र तेथें जें शिकविलें जाई तें मुख्यत्वें यंत्र चालविण्याचें ज्ञान होतें. घंटा केव्हां वाजवावी, रांग कशी फिरवावी, तक्ता केव्हां बदलावा हें त्या शिक्षकास येई. मूल अडखळलें तर तें कां अडखळलें, हा विचार करण्यास त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें.

आतां पाहा, हीच पद्धति समुद्र ओलांडून पुन्हां आपल्या किनाऱ्यास आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या अमदानींत, १८२२ सालीं, देशी भाषांतील शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं मुंबईस एक स्वतंत्र मंडळी स्थापन झाली व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस झाले. १८२३-२४ मधील आपल्या शिक्षणविषयक टिपणांत एल्फिन्स्टन यांनीं शाळांची संख्या वाढविण्याच्या बरोबरच शिकविण्याची रीत सुधारणें व शाळांस पुस्तकें पुरविणें या गोष्टींवर भर दिला. त्याप्रमाणें जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मुंबईस कांहीं तरुणांस शिकवून तयार करण्यांत आलें, आणि १८२६ सालीं अशा चोवीस शिक्षकांची पहिली तुकडी मराठी व गुजराती मुलखांत पाठविण्यांत आली. आमच्या प्रांतांत 'शिकविण्याचें शिक्षण घेतलेला शिक्षक' ही वस्तु तेव्हांपासून अस्तित्वांत आली असें म्हणण्यास हरकत नाहीं. या शिक्षकांबरोबर मराठींतील छापील पुस्तकेंही गेलीं. पंतोजींस पुस्तकाची संवय नव्हती. त्यांची सर्व विद्या मुखीं असे. तेव्हां छापील पुस्तक हें त्या काळचें अगदीं नवें साधन, आणि तें वापरणारा नवा शिक्षक, हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं व एकाच वेळीं तयार झालीं. साधन आणि शिक्षक यांची अशी जोडी नंतरच्या काळांत फारच थोड्या वेळां जमलेली दिसते.

पुढें १८४५ सालीं मुंबईस शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली; परंतु दुसऱ्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. १८५४ च्या वुड यांच्या प्रसिद्ध खलित्यांत शिक्षक तयार करणाऱ्या शाळांची आवश्यकता स्पष्टपणें सांगितली होती. त्यानंतर सरकारी शिक्षणखातें अस्तित्वांत आलें, आणि पुण्यास ट्रेनिंग कॉलेज नांवारूपास आलें. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्या कॉलेजाचे प्रिन्सिपाल होते, आणि शिक्षकांसाठीं चालणाऱ्या 'शालापत्रक' या मासिकाचेंही संपादन ते करीत. तें मासिक पुढें त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांच्याकडे आलें व १८७५ सालीं सरकारनें बंद केलें. आम्ही या मासिकास शिक्षक-शिक्षणाचें एक साधनच समजतों. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलेला मास्तर एखाद्या आडगांवीं जाऊन पडला कीं त्याच्या विद्येचा झरा आटावयास वेळ लागत नसे. अशा मास्तरास दरमहा टपालानें त्याच्या भाषेंत कांहीं नवें वाचावयास मिळावें, ही कल्पना साधी दिसते. पण जो शिक्षक एकदां तयार झाला त्यास पुन्हां पुन्हां तयार करीत राहिलें पाहिजे, हें तत्त्व तींत पुरतें आलेलें आहे. आज जें काम उपग्रहाकडून व दूरध्वनीच्या पडद्याकडून करून घेण्याची खटपट चालली आहे, तें त्या काळीं टपालाच्या थैलींतून होत होतें.

याच सुमारास फळा, नकाशा, पृथ्वीचा गोल आणि वस्तुपाठ हीं साधनें आमच्या शाळांत आलीं. काळ्या फळ्यावर रंगीत खडूनें नकाशा काढून भूगोल शिकविण्याचें श्रेय एडिंबरोच्या जेम्स पिलन्स या शिक्षकास दिलें जातें, व तें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतलें आहे. वस्तुपाठाची कल्पना स्वित्झर्लंडांतील पेस्टालॉझी यांच्यापासून निघाली. मुलास आधीं शब्द न देतां वस्तु द्यावी, त्यानें ती पाहावी, हाताळावी, आणि मग तिचें वर्णन करावें, हा तिचा गाभा. परंतु ट्रेनिंग कॉलेजांतून ती खेडोपाडीं पोंचेपर्यंत तिचें रूप पालटलें. वस्तूचे गुणधर्म मास्तरांनीं सांगावे आणि मुलांनीं ते घोकावे. कांच पारदर्शक असते, कठीण असते, ठिसूळ असते, हें एका सुरांत म्हणावें. आणि कांचेचा तुकडा मात्र टेबलावरून हलूं नये, असें होऊं लागलें. घोकंपट्टी मोडण्यासाठीं जें साधन आणिलें त्याचीच घोकंपट्टी झाली. याचें कारण शिक्षकाचा आळस हें नव्हे. ज्या ट्रेनिंग कॉलेजांत तो शिकला तेथें त्यानें वस्तुपाठावरचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं, त्यांचीं टिपणें घेतलीं होतीं, पण स्वतः विद्यार्थी या नात्यानें एकही वस्तु कुतूहलानें हाताळण्याचा प्रसंग त्यास बहुधा आला नव्हता. मनुष्य शिकवितो तें त्यास सांगितलें असेल तसें नव्हे. तो स्वतः जसा शिकला असेल तसें.

या काळांतील आणखी एक साक्ष येथें दिली पाहिजे. १८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण-कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं जें लेखी निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयीं त्यांनीं मोठ्या कळकळीनें लिहिलें आहे. शिक्षक शिकून तयार झालेले असावेत, त्यांस वेतन पुरेसें असावें, आणि शक्य तोंवर ते शेतकरी वर्गांतून यावेत. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची ज्यांस लाज वाटणार नाहीं आणि जे खालच्या थरांतील लोकांत मोकळेपणानें मिसळतील असे ते असावेत, असा त्यांचा आशय होता. शिक्षणाच्या साधनांची चर्चा करणारांनीं हें निवेदन अवश्य वाचावें. साधन कोणतें असावें याआधीं तें कोणाच्या हातांत आणि कोणासाठीं, हा प्रश्न जोतीरावांनीं उभा केला. नांगर व वाकस हीं ज्या मुलांच्या घरचीं साधनें, त्यांच्या शाळेंतील गुरुजींस तीं परकीं असूं नयेत, हें म्हणणें आजही जुनें झालेलें नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०६ सालीं, मुंबईस माध्यमिक शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें. तेव्हां जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या शिष्यपरंपरेनें ठरविलेली पंचपदी सर्वत्र मान्य होती. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पांच पायऱ्यांनीं प्रत्येक पाठ चढला पाहिजे, असा दंडक पडला आणि पाठटाचणाची वही हें छात्राध्यापकाचें मुख्य आयुध बनलें. त्या टाचणांत 'साधनें' असा एक रकाना असे, आणि तो रिकामा ठेवण्याची सोय नसे. रकाना भरावयाचा म्हणून तक्ता करावयाचा, परीक्षक येतील त्या दिवशीं तो टांगावयाचा आणि परीक्षक गेले कीं गुंडाळून ठेवावयाचा, ही जी रीत ट्रेनिंग कॉलेजांत रुळली, ती अद्याप पुष्कळ ठिकाणीं जिवंत आहे. फरक इतकाच कीं गुंडाळ्यांच्या जागीं आतां पडद्यावर दाखवावयाच्या सरकचित्रांची माळ आली आहे.

या उदास चित्राच्या शेजारीं दोन उज्ज्वल चित्रें ठेवल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें व इटालियन विदुषी मारिया मॉण्टेसरी यांच्या पद्धतीस देशी वळण देण्यास आरंभ केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें आणि पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जें काम केलें तें सर्वपरिचित आहे. अनुताई वाघ यांनीं तें पुढें चालविलें. मॉण्टेसरींचीं मूळ साधनें सुबक, मोजून मापून केलेलीं, आणि म्हणूनच महाग असत. आदिवासी पाड्यावर तीं कोठून आणावयाचीं? ताराबाईंनीं त्या साधनांमागचें तत्त्व घेतलें आणि शिंपले, खडे, बिया, पानें, मातीचे मणी यांतून नवीं साधनें सिद्ध केलीं. त्यांच्याकडे शिकावयास आलेली शिक्षिका साधन विकत घेण्यास शिकत नसे, तें घडविण्यास शिके. जिनें स्वतः बियांची प्रतवारी लावून मोजणीचें साधन केलें, तिला तें कशासाठीं आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. आणि एक साधन हरवलें तर दुसरें करण्यास ती कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाहीं.

दुसरें चित्र वर्ध्याचें. ऑक्टोबर १९३७ मध्यें तेथें भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना आंखली. तींत टकळी व चरखा हीं केवळ सूत काढण्याचीं साधनें नव्हतीं. सुताच्या लांबीवरून गणित, कापसावरून भूगोल व शेती, कापडाच्या व्यापारावरून इतिहास शिकवावा, असा त्या योजनेचा हेतु होता. तो हेतु किती कठीण होता याची जाणीव तिच्या प्रवर्तकांस होती, म्हणून शिक्षकांच्या शिक्षणाकडे त्यांनीं प्रथमपासून लक्ष दिलें. तरी पुढें ही योजना देशभर पसरूं लागली तेव्हां पुष्कळ शाळांत टकळी राहिली आणि गणित व भूगोल तिच्यापासून सुटून पडले. विषयाशीं साधनाचा सांधा जोडण्याची कला थोड्या दिवसांच्या वर्गांत येत नाहीं, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

आतां आपण यंत्रयुगांत येतों. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत सूक्ष्म अध्यापन नांवाची युक्ति निघाली. छात्राध्यापकानें पांचसात विद्यार्थ्यांपुढें पांचसहा मिनिटेंच शिकवावें, तेंही एकच कौशल्य साधण्यासाठीं, उदाहरणार्थ केवळ प्रश्न विचारणें किंवा केवळ उदाहरणें देणें. त्याचें चित्रमुद्रण करावें, तें त्यास लगेच दाखवावें, आणि सुधारून पुन्हां शिकविण्यास सांगावें. आपलें शिकविणें आपल्याच डोळ्यांनीं पाहण्याची संधि शिक्षकास इतिहासांत प्रथम मिळाली ती येथें. आपल्याकडे ही पद्धति आली तेव्हां चित्रमुद्रणाचीं यंत्रें अध्यापक महाविद्यालयांस परवडण्याजोगीं नव्हतीं. म्हणून येथील शिक्षणशास्त्रज्ञांनीं तिचें एक देशी रूप बसविलें. खऱ्या विद्यार्थ्यांच्या जागीं सहाध्यायी बसावेत, यंत्राच्या जागीं त्यांनीं व प्राध्यापकांनीं निरीक्षण करावें, आणि छत्तीस मिनिटांत एक फेरा पुरा व्हावा: सहा मिनिटें पाठ, सहा मिनिटें चर्चा, बारा मिनिटें पुनर्योजना, सहा मिनिटें पुन्हां पाठ, सहा मिनिटें पुन्हां चर्चा.

या बदलाचे दोन्ही अंगांनीं परिणाम झाले. यंत्रावांचूनही कल्पना तगून राहिली, आणि साधारण ऐपतीच्या महाविद्यालयांतही शिक्षक दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं आपलें काम पाहूं लागला, ही जमेची बाजू. उलट पक्षीं, यंत्र खोटी स्तुति करीत नाहीं, सहाध्यायी करतात. 'प्रश्न चांगले विचारलेस' असें एकमेकांस म्हणून तक्त्यांतील रकाने भरले कीं फेरा पुरा होतो. नवल असें कीं, आज प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशांत चित्रमुद्रण करणारें यंत्र आहे. जी वस्तु नसल्यामुळें आपण ही पद्धति अर्ध्यावर स्वीकारली ती वस्तु आतां फुकटांत हाताशीं आली, तरी जे अध्यापक वर्ग तिचा या कामीं नियमानें उपयोग करून घेतात ते अपवादभूतच आहेत. नव्या साधनांच्या नांवानें नवें यंत्र मागण्याआधीं हें जुनें राहिलेलें काम पुरें करावें, अशी आमची सूचना आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षांत अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्यानें भारतानें खेड्यांसाठीं दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग केला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्यप्रदेश, आंध्रप्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविले गेले. महाराष्ट्र त्यांत नव्हता, तरी शिक्षक-शिक्षणाच्या दृष्टीनें या प्रयोगाचें महत्त्व सर्व देशास आहे. कारण त्यांत प्राथमिक शिक्षकांसाठीं बारा दिवसांचा विज्ञान-शिक्षणाचा वर्ग उपग्रहावरून चालविण्यांत आला व एका वेळीं सुमारे चोवीस हजार शिक्षकांनीं त्याचा लाभ घेतला. जर्व्हिस यांचे चोवीस आणि उपग्रहाचे चोवीस हजार, असा हा दीडशें वर्षांचा पल्ला आहे! या वर्गाची विशेष गोष्ट अशी कीं, त्यांत पडद्यावर पाहणें हें एक अंग होतें. त्याच्या जोडीस रेडिओ, छापील पाठ आणि केंद्रावर एकत्र बसून हातानें करावयाचे प्रयोग व चर्चा यांची योजना होती. वर्ष संपतांच उपग्रह परत घेतला गेला आणि त्याबरोबर हा मार्गही त्या वेळेपुरता बंद झाला. साधन दुसऱ्याच्या मालकीचें असलें म्हणजे अभ्यासक्रमाचें आयुष्य त्याच्या मुदतीइतकेंच असतें, हें येथें दिसून आलें.

पुढील हकीकत आम्ही त्वरेनें सांगतों, कारण तींत पुनरुक्ति पुष्कळ आहे. पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी ही संस्था निघाली, तिनें मराठींत पुष्कळ शैक्षणिक चित्रफिती तयार केल्या, आणि २०१७ सालीं ती बंद झाली. १९८४-८५ मध्यें केंद्र सरकारनें सुमारे अडीचशें शाळांत बी. बी. सी. या नांवाचे इंग्लिश बनावटीचे संगणक देऊन प्रयोग आरंभिला. यंत्र परदेशी, त्यावरील पाठ इंग्रजींत, आणि शिक्षकाचें शिक्षण थोड्या दिवसांचें, अशी त्याची स्थिति होती. १९८७ पासून खडू-फळा मोहिमेनें शाळांस खोल्या, शिक्षक आणि साहित्याच्या पेट्या देऊं केल्या. त्या पेट्यांतील वस्तूंची नोंद डेड स्टॉक रजिस्टरांत झाली, आणि फुटल्या-हरवल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. तेव्हां त्या कपाटांत कुलुपांत राहाव्या हें स्वाभाविकच होतें. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं म्हणून एज्युसॅट उपग्रह आकाशांत गेला. २०१७ सालीं 'दीक्षा' या नांवाचें शिक्षकांचें संगणकीय व्यासपीठ निघालें. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या तेव्हां शिक्षकांचे वर्गही त्याच मार्गानें भरूं लागले, आणि ज्या शिक्षकांनीं संगणकावर कधीं पाठ घेतला नव्हता त्यांस एका आठवड्यांत तो घ्यावा लागला. त्या वेळीं बहुतेक शिक्षकांनीं काय केलें? वर्गांत जें भाषण ते उभ्यानें करीत, तेंच दूरध्वनीपुढें बसून केलें. त्यांस आम्ही बोल लावीत नाहीं. त्यांच्या अध्यापक महाविद्यालयांत त्यांनीं दुसरें कांहीं पाहिलेंच नव्हतें.

येथें एका विचाराचा उल्लेख करणें अगत्याचें आहे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें १९८६ सालीं असें दाखवून दिलें कीं, विषयाचें ज्ञान आणि शिकविण्याच्या रीतीचें ज्ञान यांच्या पलीकडे, तो विशिष्ट विषय कसा शिकवावा याचें एक तिसरेंच ज्ञान शिक्षकापाशीं असावें लागतें. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनीं २००६ सालीं त्यास साधनाच्या ज्ञानाची जोड दिली. हीं ज्ञानें वेगवेगळीं शिकवून भागत नाहीं, त्यांचा संगम झाला पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन आहे. एका घरगुती उदाहरणानें हें स्पष्ट होईल. महाबळेश्वरास पाऊस कोसळतो आणि तेथून थोड्याच अंतरावर वाईस तो पुष्कळ कमी होतो, हें शिक्षकास शिकवावयाचें आहे. पुष्कळ मुलांची समजूत अशी असते कीं, डोंगर हा भिंतीसारखा ढगांस अडवितो. ही समजूत ज्यास ठाऊक आहे तो शिक्षक उपग्रहाचें हलतें चित्र योग्य जागीं थांबवील, हवा डोंगर चढतांना थंड होते व उतरतांना तापते हें तेथें दाखवील, आणि मुलांस आधीं भाकीत करावयास लावील. ज्यास ती ठाऊक नाहीं तो तेंच चित्र सुंदर आहे म्हणून आरंभापासून शेवटपर्यंत दाखवील, आणि मुलांची भिंत जागच्या जागीं राहील. उलट, कविता शिकवितांना हें हलतें चित्र कदाचित् अडथळाच ठरेल; तेथें चांगल्या वाचकाचा मुद्रित आवाज अधिक उपयोगी पडेल. संगणक कसा चालवावा हें सर्व शिक्षकांस एकच आहे. संगणकानें भूगोल कसा शिकवावा व कविता कशी शिकवावी ह्या दोन निराळ्या विद्या आहेत.

हा निकष लावून आजच्या अभ्यासक्रमांकडे पाहिलें तर दोष सहज दिसतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व त्यांत माहिती-तंत्रज्ञानाच्या उपयोगासाठीं स्वतंत्र जागा ठेवली गेली. ही जागा मिळाली हें चांगलें झालें. परंतु स्वतंत्र जागा मिळालेली वस्तु बहुधा स्वतंत्रच राहते. तिची वेगळी वही, वेगळे गुण, आणि वेगळी प्रयोगशाळा असते. शेजारच्या खोलींत मराठीची अध्यापनपद्धति शिकविणारे प्राध्यापक खडू-फळ्यानें व्याख्यान देत असतात. छात्राध्यापक दोन्हीकडे हजर राहतो, आणि दोन्हींचा संबंध लावण्याचें काम त्याच्या एकट्यावर पडतें.

या सर्व इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी निश्चित वाटतात. पहिली ही कीं, शिक्षकांच्या शिक्षकांनीं स्वतः साधन वापरलें पाहिजे. वस्तुपाठावर व्याख्यान देऊन वस्तुपाठ आला नाहीं, आणि संगणकावर व्याख्यान देऊन तोही येणार नाहीं. दुसरी, साधनाचें शिक्षण प्रत्येक विषयाच्या अध्यापनपद्धतींत मिसळलें पाहिजे, आणि सराव पाठांच्या शाळांत तें कसाला लागलें पाहिजे. ज्या शाळेंत वीज दुपारीं जाते त्या शाळेंतही पाठ कसा चालवावा, हा त्या शिक्षणाचाच भाग समजावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही कीं, साधन बदलण्याचा, मोडून पुन्हां घडविण्याचा, आणि प्रसंगीं नाकारण्याचा अधिकार शिक्षकास असावा. कोसबाडच्या शिक्षिकेस तो होता. डेड स्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्या मुख्याध्यापकास तो नव्हता.

आज पुन्हां असें म्हणणारे लोक पुढें येत आहेत कीं, यंत्रच आतां प्रश्नास उत्तर देतें, निबंध तपासतें, आणि प्रत्येक मुलाच्या गतीनें शिकवितें. मग शिक्षकाच्या शिक्षणावर एवढा खर्च कशास? हा युक्तिवाद नवा नाहीं. एग्मोरच्या आश्रमांत वाळूस नकार देणाऱ्या मास्तरांस वगळून बेल यांनीं आठ वर्षांच्या मुलास पुढें केलें तेव्हांही तोच होता, आणि लंडनच्या दालनांत एका मास्तरावर शेंकडों मुलें सोपविलीं तेव्हांही तोच होता. दोन्ही वेळां खर्च वांचला. पण गरीबांच्या मुलांस अडलेल्या जागीं विचारावयास माणूस उरला नाहीं, आणि श्रीमंतांच्या शाळांत तो राहिला. ज्या राष्ट्रास ही विषमता नको आहे, त्यानें यंत्रावर एक रुपया खर्च करतांना तें हातीं घेणाऱ्या शिक्षकाच्या शिक्षणाकडेही तितकेंच लक्ष दिलें पाहिजे. असें शिक्षण घेतलेला शिक्षक धुळीवरही शिकवील आणि पडद्यावरही. तो नसेल तर दोन्ही साधनें सारखींच निरुपयोगी होत.